बेटावर जाऊन थकवा खरोखर उतरतो का?

तिसरी पाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझे वय सेहेचाळीस असून बेळगावच्या उद्यमबागेत माझे लहानसे मशीन शॉप आहे. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, मशिनिंग करून माल पुढे पाठवणे हा आमचा धंदा. गेली दोन वर्षे मी नीट झोपलेलो नाही. रात्री अकराला डोळा लागतो आणि तीनच्या सुमारास कुणी हाक मारल्यासारखी जाग येते. मग छताकडे पाहत उद्याच्या डिस्पॅचची, नापास होऊन परत आलेल्या मालाची आणि जीएसटीच्या तारखांची उजळणी सुरू होते.

मागच्या महिन्यात एका भागातल्या बोअरचे, म्हणजे भोकाचे, माप घेताना गेजवरचा आकडा मी तीनदा वाचला आणि तीनही वेळा वहीत लिहिण्याआधी विसरलो. शेजारी उभा असलेला बावीस वर्षांचा ऑपरेटर काहीच बोलला नाही. त्याने माझ्या हातातून गेज काढून घेतला, स्वतः माप घेतले आणि माझ्याच पेनाने वहीत लिहिले. त्या दिवशी मी घाबरलो.

दिवाळीत कामगार गावी गेले की आठ दिवस एखाद्या बेटावर जाऊन राहावे, असा घरी विचार चालू आहे. मेहुणे अंदमान म्हणतात, मुलगी लक्षद्वीप म्हणते. सौभाग्यवतींचे मत अजून कुणी विचारलेलेच नाही, हे आता लिहिताना लक्षात आले. तिघांचा मिळून खर्च साठ हजारांच्या आत बसायला हवा. पण माझा खरा प्रश्न ठिकाणाचा नाही. अशा विश्रांतीने थकवा उतरतो का, की तो घराच्या फाटकापाशी आपली वाट पाहत उभा असतो? अनुभव असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

गोवावेस

किल्ला तलावाच्या मधोमध खुर्ची टाकून बसा. चारही बाजूंनी पाणी, शिवाय फोनला रेंज उत्तम. साठ हजार वाचतील.

रेल्वे कॉलनी

मी निवृत्तीनंतर अंदमानला जाऊन आलो. समुद्र अप्रतिम आहे, त्यात वाद नाही. परंतु विश्रांती हवी असेल तर आमच्यासारखा कार्यक्रम आखू नका. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्री विजयपुरम, तिथून हॅवलॉक, म्हणजे आताचे स्वराज द्वीप, तिथून नील, म्हणजे शहीद द्वीप, आणि पुन्हा परत, असे पाच दिवसांत तीन बेटांचे आमचे नियोजन होते. प्रत्येक दुसऱ्या सकाळी सामान बांधून धक्क्यावर रांगेत उभे राहायचे आणि रात्री पुढच्या बोटीची तिकिटे तपासायची. बोटींच्या वेळा तोंडपाठ झाल्या, समुद्र मात्र खिडकीतूनच जास्त पाहिला.

आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. अंदमान आपल्या फार पूर्वेला आहे, पण घड्याळ आपलेच चालते. त्यामुळे हिवाळ्यात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पहाटे पाचलाच फटफटते. पहिले दोन दिवस संध्याकाळी सहालाच जेवायची वेळ झाल्यासारखे वाटे. ज्यांची झोप आधीच बिघडलेली आहे त्यांनी याचा विचार करावा. आपल्याकडची माणसे सेल्युलर जेलसाठी आवर्जून जातात आणि जावेच, पण ते पाहून मन हलके होत नाही. ते हलके होण्यासाठी बांधलेलेही नाही.

संकेश्वरचा भाचा

लक्षद्वीपबद्दल थोडक्यात लिहितो. प्रवेशाचा परवाना आधी काढावा लागतो. कोचीहून जहाजाने गेल्यास बेटानुसार साधारण चौदा ते अठरा तास लागतात, आणि विमानाने अगत्तीला उतरायचे तर तिघांच्या तिकिटांतच तुमचे अंदाजपत्रक संपेल. जहाजात मला समुद्र लागला आणि मी पहिली रात्र बादली धरून काढली. खाजणातले निळे पाणी दिसले तेव्हा सगळे विसरलो हेही खरे, परंतु कागदपत्रे गोळा करताना जो ताण आला तो घालवायला दुसरे बेट लागले असते.

शहापूरची सून

धागाकर्त्यांच्या मूळ पोस्टमधील एका वाक्याकडे लक्ष वेधते. "सौभाग्यवतींचे मत अजून कुणी विचारलेलेच नाही." अण्णा, आधी ते विचारा.

माझ्या सासूबाई साडेचार वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचे सर्व मी केले आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या गेल्यानंतर सर्वांनी मोठ्या मायेने ठरवले की हिला आता विश्रांती हवी, आणि आम्ही नऊ जण मालवणला एका घरी पाच दिवस राहायला गेलो. घरमालकांनी कौतुकाने सांगितले, "स्वयंपाकघर तुमचेच समजा." ते माझेच झाले. बाजारातून ताजे बांगडे आणायचे, ते साफ करायचे आणि नऊ माणसांच्या भाकऱ्या थापायच्या, यात माझे पाच दिवस गेले. सिंधुदुर्ग किल्ला मी किनाऱ्यावरूनच पाहिला. बोट सुटायच्या वेळी माझा कुकर लागलेला होता.

पुढच्या वर्षी मी आणि माझी धाकटी बहीण, दोघीच गेलो. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मी ताट तिथेच ठेवून उठले आणि पडवीत जाऊन बसले. दहा मिनिटांनी मला आठवले की मी ताट उचललेले नाही. मला वाटते, माझी विश्रांती त्या दहा मिनिटांत सुरू झाली. तेव्हा ठिकाण कोणतेही निवडा, पण तिथे चूल कोण पेटवणार हे आधी ठरवा.

गोवावेस

वहिनींच्या प्रतिसादानंतर माझा खुर्चीचा विनोद मागे घेतो.

ऊस आणि म्हैस

मी निपाणीजवळचा शेतकरी आहे. धागा आवडीने वाचतो आहे, कारण सुट्टी हा शब्द आमच्याकडे शाळेच्या मुलांपुरता आहे. दोन म्हशी आहेत. त्या दिवसातून दोनदा पिळाव्या लागतात आणि मालक दमला आहे हे त्यांना कळत नाही. ऊसतोड सुरू झाली की कारखान्याची टोळी कधी येईल ते देवालाही ठाऊक नसते. माझे वडील आयुष्यात दोनदाच चार दिवस बाहेर राहिले, एकदा सौंदत्तीच्या यल्लम्माला आणि एकदा पंढरपूरला. दोन्ही वेळा ते थकून आले आणि तरीही ताजे वाटले.

थकवा येतो हे मान्य आहे. पण बेटावर जाऊन राहणे हा ज्यांच्या कामाला कुलूप लागते त्यांचाच उपाय आहे, असे मला वाटते.

चिकोडीचा वैद्य

मी या भागात वैद्यकीय व्यवसाय करतो, म्हणून सुट्टीआधीची एक पायरी सुचवतो. सततचा थकवा, विस्मरण आणि झोपमोड ही कामाच्या ताणाची लक्षणे असू शकतात, तशीच ती रक्तक्षय, थायरॉइडचा बिघाड, मधुमेह, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा झोपेत श्वास अडण्याचा विकार यांचीही असू शकतात. रक्ततपासणीचा खर्च बेटापेक्षा पुष्कळ कमी असतो. ती करून मग तिकीट काढावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामातून येणाऱ्या या थकव्याची, म्हणजे 'बर्नआउट'ची, व्याख्या स्पष्ट केली. तिच्या मते हा रोग नसून, कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याचा परिणाम आहे. शक्ती संपल्याची भावना, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे, ही त्याची तीन अंगे सांगितली आहेत. धागाकर्त्यांनी यांपैकी पहिल्याचे आणि तिसऱ्याचे वर्णन केले आहे. पहाटे लवकर जाग येण्याबरोबर कशातच रस वाटेनासा झाला असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र तो सुट्टीचा विषय राहत नाही. अशा वेळी टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते आणि आपल्याला धारवाडची मानसिक आरोग्य संस्थाही जवळ आहे. तिथे जाण्यात लाज बाळगू नये.

जाता जाता सांगतो, काही लोक सुट्टीच्या पहिल्या दोन दिवसांतच आजारी पडतात. डोके दुखते, अंग मोडून येते. तसे झाल्यास घाबरून परत फिरू नका.

टिळकवाडी ते धारवाड

मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे या प्रश्नावर झालेल्या अभ्यासाबद्दल लिहिणे माझे कामच आहे. नेदरलँड्समधील जेसिका डी ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५४ नोकरदारांची सरासरी २३ दिवसांची सुट्टी तपासली होती. त्यांचे स्वास्थ्य सुट्टी लागताच सुधारू लागले, आठव्या दिवसाच्या सुमारास सर्वाधिक झाले, आणि कामावर परतल्यानंतर पहिल्याच आठवड्यात पूर्वपदावर आले. म्हणजे धागाकर्त्यांचा फाटकापाशी वाट पाहणारा थकवा हा त्यांच्या मनाचा खेळ नाही.

त्याआधी, २०१० साली, तिथल्याच येरून नावाइन यांनी १,५३० लोकांचा अभ्यास केला होता. सुट्टीवर जाणारे लोक जाण्याआधी इतरांपेक्षा अधिक आनंदी असतात, परंतु परतल्यावर बहुतेकांत तो फरक उरत नाही, असे त्यांना आढळले. ज्यांनी आपली सुट्टी "अतिशय निवांत" गेली असे सांगितले, त्यांचाच आनंद परतल्यावरही काही काळ टिकला. रेल्वे कॉलनी यांच्या तीन बेटांच्या धावपळीला याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

तर निवांत म्हणजे काय? साबिने झोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ यांनी २००७ साली मांडलेल्या चार गोष्टी मला उपयोगी वाटतात. कामापासून मनानेही अलग होणे, शरीर सैल सोडणे, एखादी नवी गोष्ट शिकण्यात रमणे, आणि आपला वेळ आपल्या मर्जीने घालवता येणे. शहापूरच्या ताईंच्या पहिल्या सहलीत चौथी गोष्ट नव्हती. तीच नसेल तर बाकीच्या तीन फारशा कामाला येत नाहीत, असे मला वाटते. ऊस आणि म्हैस यांच्या वडिलांना पंढरपूरला चार दिवस म्हैस पिळावी लागली नाही आणि तिचा विचारही मनात आला नाही. पाय दुखूनही ते ताजे का झाले, याचे उत्तर बहुधा तिथेच आहे.

ऊस आणि म्हैस

बाई, विचार येत होता. फक्त त्या वेळी भावकीतला एक जण धार काढत होता आणि तो आमच्यापेक्षा बरी काढत असे.

डिचोलीकार

साठ हजारांत तिघांना आठ दिवस हवे असतील तर समुद्रातले बेट सोडा आणि नदीतले घ्या. मांडवीतले दिवाडी बेट बेळगावहून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी, डिचोली या रस्त्याने या, पणजीत शिरूच नका. डिचोलीहून नार्वे गाठा, सप्तकोटीश्वराचे दर्शन घ्या आणि तिथूनच फेरीबोटीने पलीकडे उतरा. जुने गोवे आणि रायबंदर इथूनही फेरी आहे, पण तुम्हा घाटावरच्या मंडळींना नार्वे सोयीचे. पायी जाणाऱ्याला तिकीट लागत नाही.

बेटावर पाहायचे काही फारसे नाही. टेकडीवर पिएदादचे चर्च आहे, खाली खाजन शेती आणि खारफुटी, सकाळी पक्षी. पक्ष्यांचे वेड असेल तर शेजारच्या चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. किनारा नाही, त्यामुळे गर्दीही बेताची असते. मात्र दोन सूचना. ऑगस्टमध्ये बोंदेरा या उत्सवाच्या दिवशी येऊ नका, त्या दिवशी बेटावर पाय ठेवायला जागा नसते. आणि गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या प्रतिमा आणि कानठळ्या बसवणारे संगीत पहाटेपर्यंत चालते. झोपायला येणार असाल तर भाऊबीज आटोपून या.

एक विनंतीही आहे. इथे येऊन "सुशेगाद गोवा", म्हणजे निवांत गोवा, असे म्हणू नका. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून खाजनाचे बांध वर्षानुवर्षे डागडुजी करून राखावे लागतात, आणि फेरीवाला तुमच्या सुट्टीत पाळी करत असतो. तुम्हाला जी शांतता दिसते ती कुणाच्या तरी कामावर उभी आहे.

खानापूरची मास्तरीण

दिवाडीचे नाव निघाले म्हणून राहवत नाही. त्या बेटाला वेढणारी मांडवी म्हणजे आमच्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात उगम पावणारी म्हादई. सप्तकोटीश्वराचे मूळ देऊळ दिवाडी बेटावरच होते. ते गोव्याच्या कदंब राजघराण्याचे आराध्य दैवत, आणि त्याच कदंबांची दुसरी राजधानी आमची हलशी. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर लिंग नदीपार नार्व्यात आणले गेले आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. तेव्हा बेळगावकराने दिवाडीला जाणे म्हणजे आपल्याच नदीच्या दुसऱ्या टोकाला जाणे आहे.

मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. शांतताच हवी असेल तर जांबोटीच्या रानात ती अर्ध्याहून कमी अंतरावर मिळते. नदी ओलांडायची गरज काय?

संपादक

म्हादईचा उल्लेख उगमापुरता ठीक आहे. पाणीवाटप आणि सीमाप्रश्न या दोन्ही विषयांना स्वतंत्र धागे आहेत आणि तिथे पुरेसे पाणी वाहून गेले आहे. कृपया विश्रांतीवरच बोलावे.

शहापूरची सून

मास्तरीणबाई, गरज आहे. जांबोटीत असताना "जरा संध्याकाळी शॉपवर चक्कर टाकून येतो" असे म्हणता येते आणि अण्णा तसे म्हणतीलच. मध्ये नदी असली की रात्रीची शेवटची फेरी सुटल्यावर तो पर्यायच उरत नाही.

तिसरी पाळी (धागाकर्ता)

दोन महिन्यांनी परत येतो आहे, त्याबद्दल क्षमस्व. सर्वांच्या प्रतिसादांचा उपयोग झाला, म्हणून हकिगत सांगणे हे माझे देणे लागते.

वैद्यसाहेबांच्या सांगण्यावरून आधी रक्त तपासले. बी-१२ बरेच कमी निघाले आणि इंजेक्शने सुरू झाली. त्यामुळे पुढे जे बरे वाटले त्याचे श्रेय बेटाला किती आणि सुईला किती, हे मला सांगता येणार नाही.

सौभाग्यवतींना मत विचारले. त्या म्हणाल्या, "कुठेही चला, पण मी डबा बांधणार नाही." भाऊबीजेनंतर आम्ही चोर्ल्याने उतरलो आणि दिवाडीला एका घरी सहा रात्री राहिलो. दोन्ही वेळचे जेवण घरमालकीण देत होत्या. निघण्याआधी कामाचे सर्व फोन सुपरवायझरच्या क्रमांकावर वळवले आणि त्याला सांगितले की आग लागली तर पहिला फोन अग्निशामक दलाला करायचा, दुसरा मला.

पहिले दोन दिवस अगदी वाईट गेले. डोके दुखले, अकरा-अकरा तास झोपलो आणि उठल्यावर चिडचिड झाली. फोन येत नाही याचाच ताण आला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धक्क्यावर बसलो होतो. फेरीबोट पाण्याच्या मध्यावर आली की तिच्या इंजिनातून एक खरखर ऐकू येई. मला ती बेअरिंगची वाटली. पुढच्या चार फेऱ्या मी फक्त तेवढेच ऐकत बसलो आणि शेवटी न राहवून बोटीवरच्या माणसाला गाठून सांगितले. त्याने माझे म्हणणे शांतपणे ऐकले, दोर खुंट्याला गुंडाळला आणि म्हणाला, "तें दोन वर्सां तशेंच वाजता." पुढच्या फेरीची वाहने चढली आणि बोट खरखरत गेली.

त्या रात्रीही तीनला जाग आली. पण डोक्यात डिस्पॅच नव्हता, बेअरिंग होते, आणि ते माझे नव्हते. पुन्हा केव्हा झोप लागली ते कळले नाही.

शेवटचे तीन दिवस मात्र खरोखर चांगले गेले. त्यांबद्दल लिहिण्यासारखे काही घडले नाही. सौभाग्यवती रोज दुपारी एकट्याच फेरीत बसायच्या आणि पलीकडे न उतरता त्याच बोटीने परत यायच्या. एका दिवशी त्यांनी अशा चार फेऱ्या केल्या. कारण विचारले तर म्हणाल्या की तिथे कुणी काही मागत नाही. पुढच्या वेळी बहिणीबरोबर जाण्याचा त्यांचा विचार आहे.

आता फाटकाचे. परतल्यावर दुसऱ्या गुरुवारी खांदे पुन्हा पूर्वीसारखे आखडले. तीनची जाग आठवड्यातून दोनदा येते, पूर्वी रोज येत असे. एक गोष्ट मी परतल्यावरही चालू ठेवली आहे. रात्री नऊनंतर फोन सुपरवायझरकडेच वळवलेला असतो आणि त्याबद्दल त्याचा पगार वाढवला आहे. आम्ही बाहेर असताना दोन कास्टिंग नापास झाली होती. त्याने ती बाजूला ठेवून वर खडूने कारण लिहून ठेवले होते. मी तिथे असतो तरी याहून वेगळे काही केले नसते.

टिळकवाडी ते धारवाड

आठव्या दिवसापर्यंत थांबायला हवे होते, असे म्हणणार होते, पण फोन वळवून ठेवणे हे दोन जादा दिवसांहून मोठे काम झाले आहे. तेवढे मोडू नका.

गोवावेस

बेअरिंग खरेच गेले असेल तर दिवाडीचे टेंडर भरा.

ऊस आणि म्हैस

डिचोलीकार, एक विचारायचे राहिले. पहाटे धार काढून निघालो, नार्व्याहून पलीकडे गेलो, थोडा वेळ बसलो, तर संध्याकाळच्या धारेला निपाणीला परत येता येईल का?

डिचोलीकार

धावतपळत येता येईल, पण मग ती टपालाची फेरी झाली. निदान दोन रात्री काढा.

ऊस आणि म्हैस

बरे, भावकीत विचारून पाहतो.